मास्तरांच्या टाचण्या आणि रेणूची तीनचाकी

एका गावात एक शिंपी होता. भास्कर पतंगे हे त्याचं नाव फक्त मतदार यादीत होतं, गावाच्या तोंडी तो मास्तर. आणि मास्तर म्हटल्यावर आदरानं बोलायला हवं, म्हणून आपणही तसंच बोलू.

मास्तरांचा हात असा, की त्यांनी शिवलेला ब्लाउज घालून बाई रस्त्यानं निघाली की चार जणी विचारायच्या, "कुठनं शिवलास गं?" पण त्यांचा एक नियम होता. दुकानाच्या फळीवर त्यांनी तो खडूनं लिहून ठेवला होता : ‘अंग घेऊन या. मापाचा ब्लाउज पाठवू नका.’ आता बायकांची रीत तुम्हाला ठाऊक आहे. जुना ब्लाउज पिशवीत घालायचा, शेजारणीच्या हाती द्यायचा आणि निरोप धाडायचा, की ह्याच्यावरून शिवा. मास्तर ती पिशवी आल्या पावली परत पाठवायचे. म्हणायचे, "काखेत कुठं काचतंय ते ह्या ब्लाउजला विचारू का? ब्लाउज बोलत नाही. माणूस बोलतं."

आणि माणसाला ते बोलूही द्यायचे. माप घेताना तोंडात चार टाचण्या धरायची त्यांना सवय होती. तोंडात टाचण्या असल्या की मास्तरांना बोलता यायचं नाही, मग गिऱ्हाईकच बोलत राहायचं. डावा खांदा उतरतो, हात वर केला की पाठीत ओढतं, गेल्या वेळी गळा मोठा झाला होता. निम्मी शिलाई त्या ऐकण्यातच व्हायची. टाचण्या तोंडातून काढल्या, की मात्र मास्तरांपुढं कुणाला एक शब्द बोलायला जागा मिळत नसे.

मास्तरांना एकच लेक, रेणू. तेरा वर्षांची. जन्माला यायची तिनं फार घाई केली, दोन महिने आधीच आली, आणि त्या घाईत तोल तेवढा मागे राहिला. चालताना हाताशी भिंत लागायची, नाहीतर काठी. दुचाकी सायकल तिच्याखाली क्षणभर उभी राहत नसे. लहानपणीची तीनचाकी होती, पण गुडघे हनुवटीला लागायला लागले तेव्हा तिनं ती आपणहून अंगणवाडीला देऊन टाकली.

म्हणून पाय अधू म्हणाल, तर तिच्यासमोर म्हणू नका. बापाच्या पायमशीनवर पाठ भिंतीला टेकून बसली, की तासतासभर मशीन पळवायची. जिथं तोल लागत नाही आणि जोर लागतो, तिथं ती कुणाला हार जात नसे.

आठवीपासूनची शाळा कालव्यापलीकडं होती, दोन-अडीच किलोमीटरवर. गावातल्या मुली सायकलींवरून घोळक्यानं जायच्या. रेणूला मास्तर मोपेडवर मागे बसवून सोडायचे. एक दिवस चुकले नाहीत की एक मिनिट उशीर केला नाही. मग पोरीला दुःख कसलं? ऐका. मुलींचं सगळं रस्त्यावर ठरतं. कुणाशी अबोला धरायचा, कुठल्या बाईंना काय नाव ठेवायचं, संमेलनात राणी कोण व्हायचं. घोळका वर्गात शिरायचा तो हसतच, आणि रेणू आधीच बाकावर येऊन बसलेली असायची. एकदा तिनं मैत्रिणीला, उर्मीला, विचारलं, "काय झालं गं हसायला?"

उर्मी डोळे पुसत म्हणाली, "अगं, ते वळणावर झालं. आता सांगून मजा नाही."

त्या दिवशी घरी येऊन रेणूनं दप्तर खाली ठेवायच्या आधी सांगितलं, "अण्णा, मला शाळेत रस्त्यानं जायचंय. माझं मी. मुलींच्या बरोबर."

मास्तरांनी पोरीचा शब्द खाली पडू दिला नाही. चौकशी केली. तालुक्याला यासीन मिस्त्री म्हणून होते. ज्यांना साधी सायकल चालवता येत नाही त्यांच्यासाठी ते गाड्या बनवायचे. दिवाळीच्या सुट्टीत मास्तर तिकडं निघाले.

"अहो, तिलाही न्या की," रेणूची आई सुमन म्हणाली. "बसायचं तिला आहे."

"एवढ्या लांब एसटीत धक्के खात कशाला? त्यापेक्षा गाडी एकदम दारात आणून उभी करतो. मग बघ पोरीचं तोंड कसं होतं ते."

प्रेमच होतं हो ते, नाही कोण म्हणतं? पण जीव लावणाऱ्या माणसाला एक खोड असते. आपण दिलेला आनंद दुसऱ्याच्या तोंडावर बघायची त्याला घाई होते, आणि त्या घाईत तो दुसऱ्याला विचारायचंच विसरतो.

यासीन मिस्त्रींनी तीन तऱ्हेच्या गाड्या दाखवल्या. एक हातानं फिरवायची. मास्तर म्हणाले, "ही नको, माझ्या पोरीचे पाय चालतात." दुसरी उंच, साध्या सायकलीसारखी, फक्त मागं दोन चाकं. मिस्त्री म्हणाले, "तोल कच्चा असला तर वळणावर ही कलंडल्यासारखी वाटते. पोर घाबरते." तिसरी होती ती मागे रेलून बसायची. जमिनीपासून हातभर उंचीवर आरामखुर्चीसारखी बैठक, पुढं दोन चाकं, मागं एक, पायडलं समोर लांब नळीच्या टोकाला, आणि हाताशी दोन्ही बाजूंना गाडी वळवायचे दांडे. पाठ टेकायची, पाय समोर टाकायचे आणि रेटायचं.

मास्तरांना भिंतीला पाठ लावून मशीन चालवणारी रेणू दिसली. म्हणाले, "हीच." इथवर त्यांनी बरोबर केलं. श्रेय द्यायला पाहिजे.

"आता मुलीला घेऊन या," मिस्त्री म्हणाले. "बसवून माप घेऊ."

मास्तरांनी पिशवीत हात घातला आणि रेणूच्या गणवेशाची सलवार काढून फळीवर ठेवली. "हे घ्या माप."

हसू नका. खडूनं फळीवर नियम लिहिणारा हाच तो माणूस.

मिस्त्रींनी सलवार पसरली, टेप लावली. एकदा लावली, पुन्हा लावली, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "मास्तर, एक विचारू का..."

"विचारायचं काय त्यात? मापात मी चुकत नाही. उलट चार बोटं जास्तच धरा, वाढतं अंग आहे. वर छप्पर करा, ऊन लागतं तिला. आणि मागं ढकलायला एक दांडा द्या चांगला भक्कम. ती दमली की मी ढकलीन."

मिस्त्री बिचारे भिडस्त. गप्प बसले.

आठ दिवसांनी गाडी टेंपोतून आली. अंगणात अर्धी आळी गोळा झाली. शेजारच्या गजराबाई नारळ घेऊन आल्या. रेणूनं गाडी बघितली आणि तिचं तोंड मास्तरांना हवं होतं अगदी तसं झालं. ते तिला बसेपर्यंत टिकलं.

बसल्यावर ती त्या बैठकीत बुडून गेली. उजव्या पायाचा चवडा कसाबसा पायडलाला लागला. डावा लागलाच नाही. मग ती पुढं सरकली, तर पाठीचा आधार सुटला. तरी तिनं दात-ओठ खाऊन रेटलं. अर्धा फेरा झाला, डावा पाय निसटला आणि पायडल घोट्यावर आपटलं.

"नाही हो जोर पायात बिचारीच्या," कुणीतरी हळहळलं. हळहळणारी माणसं हळू बोलत नाहीत, सगळ्यांना ऐकू गेलं.

मास्तर पुढं झाले. "असू दे गं. मी आहे ना." मागचा दांडा धरला आणि निघाले ढकलत. तेरा वर्षांची मुलगी, डोक्यावर छप्पर, मागून बाप. देवळापाशी समोरून उर्मी सायकलवरून आली. ती हसली नाही. तिनं मान खाली घातली, आणि ते हसण्यापेक्षा वाईट झालं.

रेणूनं करकचून ब्रेक दाबला. दांडा मास्तरांच्या पोटात बसला.

"अण्णा, पायात जोर नाही म्हणाले ते लोक. तुम्ही ऐकलंत आणि काहीच बोलला नाहीत."

"अगं, वाढशील. वर्षा-दीड वर्षात पोचतील पाय. तोवर मोपेड आहेच की."

"पाय पोचत नाहीत आणि पायात जोर नाही, ह्यात काही फरक आहे की नाही? तुमची मशीन कुणाच्या पायांनी पळते?" पोरीचा आवाज चढला होता, पण डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही तिनं. "ह्या गाडीला माप कुणाचं दिलंत?"

"तुझंच. म्हणजे... तुझ्या सलवारीवरून."

मागोमाग आलेल्या गजराबाई तिथंच थबकल्या. ह्याच मास्तरांनी त्यांची पिशवी तीनदा परत पाठवली होती. त्यांना हसू आवरेना. "अगंबाई! म्हणजे मापाचा ब्लाउजच की हो पाठवलात, मास्तर!"

मास्तरांनी गाडी वळवली. घरी आले, मशीनवर बसले आणि न शिवता नुसतं चाक फिरवत राहिले. समोर फळी होती. स्वतःचं अक्षर. ते वाचून दाखवायला कुणाची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टेंपो बोलावला, गाडी वर चढवली आणि रेणूला ड्रायव्हरशेजारी बसवलं.

आता माणूस एका रात्रीत बदलतो असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही माणसं पाहिलेली नाहीत. मिस्त्रींच्या दारात उतरल्या उतरल्या मास्तरांनी सुरू केलं, "मिस्त्री, अहो हे काय केलंत तुम्ही! मी सांगतो कसं करायचं. नळी कापा, बैठक..."

रेणूनं फ्रॉकच्या खिशातून एक डबी काढली. दुकानातली टाचण्यांची डबी होती ती. त्यातल्या चार टाचण्या तिनं बापाच्या तळहातावर ठेवल्या. "अण्णा, धरा तोंडात. आज गिऱ्हाईक मी आहे."

मिस्त्री दुसरीकडं बघून हसले. मास्तरांनी लेकीकडं पाहिलं, टाचण्यांकडं पाहिलं, आणि धरल्या तोंडात.

मग मिस्त्रींनी रेणूला एका फळीवर बसवलं, पाठ भिंतीला टेकवून. दोन्ही तळव्यांसमोर एकेक वीट ठेवली. "बाळ, आता विटा रेट. गुडघा थोडा वाकलेला राहील एवढंच. कुठं ओढ बसली की थांब." रेणूनं रेटलं. मिस्त्रींनी मास्तरांच्या खिशातला खडू मागून घेतला आणि विटांपाशी रेघा ओढल्या. उजवी वीट पुढं गेली होती. डावी तिच्या दोन बोटं मागं होती.

"पुन्हा रेट," मिस्त्री म्हणाले. पुन्हा तेच झालं.

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! सलवारीतही हेच होतं. डावा पाय दोन बोटं कमी भरला. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या मास्तरांची शिलाई चुकली, तोंडावर कसं सांगू? म्हणून लांब पायाचंच माप धरलं. मास्तर, शिलाई चुकली होती ना ती?"

आता बघा, हा किती अवघड प्रश्न होता. हो म्हणावं, तर जन्मात कधी न चुकलेला हात चुकला असं होतं. नाही म्हणावं, तर इतकी वर्षं झाकलेलं उघडं पडतं. आणि हो म्हणून सुटायची सोय समोर आयती उभी होती.

मास्तरांनी एकेक टाचणी तोंडातून काढली. चारही काढायला त्यांना बराच वेळ लागला.

"शिलाई चुकली नव्हती, मिस्त्री. रेणूचा डावा पाय दोन बोटं तोकडा आहे. पहिलीत गेली तेव्हापासून मी तिच्या सलवारीची डावी बाजू वर दुमडून शिवतो. म्हणजे घातल्यावर दोन्हीकडची किनार सारखी दिसते. कुणाला कळत नाही. माप तुमचं चुकलं नाही. पोरीला न आणता मी सलवार आणली आणि तुम्हाला तोंड उघडू दिलं नाही. चुकलो मी."

रेणू आपल्या पायांकडं बघत बसली. दोन बोटांचं अंतर. तेरा वर्षं तिच्याच अंगाला होतं, आणि तिलाच ठाऊक नव्हतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"पाय माझे आहेत ना, अण्णा? मग तुम्हाला माहीत असावं आणि मलाच तेवढं नसावं?"

टाचण्या बाहेर असूनही मास्तर थोडक्यात बोलले, हे आयुष्यात पहिल्यांदा. ते नुसतं म्हणाले, "आता सांगत जाईन. आणि विचारत जाईन."

रेणूनं खडूच्या रेघांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "पण किनार मात्र अगदी सरळ दिसायची हं." आणि बापाच्या हातातल्या टाचण्यांकडं बोट दाखवलं. "धरा परत. अजून माप संपलं नाही."

मग कुठं खरं माप सुरू झालं. मिस्त्री विचारत होते आणि रेणू सांगत होती. पायडलाची नळी तिच्या उजव्या पायाला जुळवली. डाव्या पायडलावर दोन बोटं जाडीचा लाकडी ठोकळा बसवला, वर टाचेला मागून अडवणारी कड आणि कातडी पट्टा, म्हणजे पाय निसटायला नको. वाढत्या अंगासाठी मिस्त्रींनी नळीला ओळीनं भोकं पाडली. पोर वाढली की खिट्टी काढायची, नळी पुढं सरकवायची, खिट्टी लावायची. आज गाडी आजच्या रेणूची, उद्या उद्याच्या रेणूची. डाव्या मुठीत जोर कमी, म्हणून ब्रेक उजव्या हाताशी.

"छप्पर?" मिस्त्रींनी विचारलं.

"काढा. मी काय भाजीची गाडी आहे?"

मास्तरांच्या टाचण्या थरथरल्या, पण पडल्या नाहीत.

"आणि हा मागचा दांडा?"

रेणूनं बापाकडं पाहिलं. मास्तर छताकडं बघत होते. दांडा नको म्हणणं सोपं नव्हतं तिला, कारण तो कुणासाठी केला होता ते तिला ठाऊक होतं.

मिस्त्रीच म्हणाले, "एक सुचवू? ही गाडी बुटकी. उसाचा ट्रॅक्टर समोरून आला तर त्याला दिसायची नाही. हा दांडा सरळ उभा करतो आणि वर झेंडा लावू. पण तो झेंडा शिवायचा कुणी?"

मास्तरांनी टाचण्यांच्या मागून कसलासा आवाज काढला आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"राणी कलरचा हवा," रेणू म्हणाली. "आणि तिकोनी."

शाळा उघडली त्या दिवशी मुली सायकली घेऊन मास्तरांच्या दुकानापुढं थांबल्या होत्या. रेणू पट्टा आवळून, पाठ टेकून बसली. एकदा रेटलं. गाडी हलली. पुन्हा रेटलं, आणि मशीनवर बसते तसा तिच्या पायांना ठेका सापडला. देवळापाशी उतार होता तिथं तर उर्मीला उभं राहून सायकल मारावी लागली. "ए रेणू, थांब की गं! आम्हाला सोडून चाललीस?" हे वाक्य रेणूला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

मास्तर दुकानाच्या पायरीवर उभे होते, तोंडात टाचण्या धरून. गजराबाईंनी विचारलं, "एवढ्या सकाळी गिऱ्हाईक नाही कुणी, मग टाचण्या कशाला हो?"

"‘हळू जा’ म्हणायचं नाही असं ठरलंय त्यांचं," आतून सुमन म्हणाली.

कालव्याच्या कडेला झुडपं दाट होती. बुटकी गाडी लगेच दिसेनाशी झाली. पण झुडपांच्या वरून राणी कलरचा झेंडा सरसर जात राहिला. ट्रॅक्टरवाल्यांना दिसावा म्हणून लावला होता तो, पण त्या सकाळी सगळ्यात जास्त वेळ तो एका शिंप्यानंच पाहिला. वळणावर झेंडा थांबला. मुलींचं हसणं फुटलं, ते इथवर ऐकू आलं. मग झेंडा वळला.

संध्याकाळी रेणू परत आली. घामेजलेली, केस विस्कटलेले, घोट्यापर्यंत धूळ. मास्तर सकाळपासून हाच प्रश्न घेऊन बसले होते. त्यांनी टाचण्या काढून ठेवल्या आणि विचारलं, "काय गं, सकाळी वळणावर एवढं हसायला काय झालं?"

रेणूला आठवून पुन्हा हसू आलं. डोळे पुसत ती म्हणाली, "अण्णा, ते वळणावर झालं. आता सांगून मजा नाही."

मास्तर तिच्याकडं बघत राहिले. मग असे हसले, की पायमशीन डुगडुगली.

तात्पर्य : लेकरावर जीव टाकावा, पण त्याच्या वतीनं सगळं आपणच ठरवू नये. त्याच्या अंगातली उणीवही त्याच्यापासून झाकू नये. आधी आपलं तोंड मिटावं आणि त्याला विचारावं. जो बसणार आहे, त्याला बसवल्याशिवाय माप पुरं होत नाही.